पाण्याला झोपू न देणारे निबारणबाबू

निबारणबाबूंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्यावर सोडलेल्या हुकमाने. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. गोंदियाहून वडशाकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या तिसऱ्या वर्गात मी कसाबसा चढलो, वळकटी बाकाखाली सरकवायला वाकलो, तोच समोरचा एक काळासावळा, दाढी वाढलेला, जागरणाने डोळे तांबारलेला माणूस माझ्यावर खेकसला, "हात डालो! जल्दी!"

हात घालायचा कुठे? त्यांच्या पुढ्यात मातीच्या सहा हंड्या मांडलेल्या होत्या. एकीत त्यांचा उजवा हात, दुसरीत डावा, आणि दोन्ही हात सारखे फिरत होते. उरलेल्या चार हंड्यांकडे ते असे बघत होते, जणू घरात सहा लेकरं तापाने फणफणलीत आणि बापाला हात मात्र दोनच. मी सदऱ्याची बाही वर सारली आणि हात घातला. मी आरमोरीचा पोस्टमास्तर, सरकारी नोकर, नुकता बदलून आलेला. कोणी मोठ्याने सांगितलं की ऐकायची मला तेव्हा सवय होती.

"पानी सो गया तो बच्चा गया," ते म्हणाले. "चलाओ. धीरे. बाएँ से दाएँ."

मी हंडीत डोकावलो. जिऱ्याएवढे, काचेसारखे आरपार, नुसते डोळेच डोळे असलेले असंख्य जीव माझ्या बोटांभोवती गरगरत होते. रोहू आणि कटला माशांची पिल्लं! हा माणूस ती थेट हावड्याहून घेऊन निघाला होता. दोन दिवस, दोन रात्री, एकटा. पाणी हलतं राहिलं तरच त्यात हवा मिसळते आणि पिल्लं जगतात, एवढं शास्त्र मला त्या प्रवासात कळलं आणि आयुष्यभर पुरलं.

मग त्या डब्यात जी धमाल उडाली ती काय सांगू! निबारणबाबूंनी एकेकाला कामाला लावलं. वडशाचा एक तांदळाचा व्यापारी होता, त्याच्या हातातली अंगठी उतरवून घेतली. सासरी निघालेली एक नवी नवरी होती, ती हात घालताना हिरव्या चुड्याकडे बघून अडखळली, तर म्हणाले, "बजने दो बेटी, बच्चा लोग को अच्छा लगता." कोपऱ्यात एक पोलीस शिपाई डुलक्या घेत बसला होता. त्यालाही उठवलं. तो आधी गुरकावला, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात घालून बसला. वडसा येईपर्यंत आम्ही चार परकी माणसं एका परक्या माणसाच्या हंड्या ढवळत होतो, आणि कोणाचं किती मेलं यावरून एकमेकांना टोचून बोलत होतो. नवरीच्या हंडीतलं एकही मेलं नाही. शिपायाच्या हंडीतली तीन गेली, तेव्हा तो खरोखर ओशाळला.

त्या शिपायाला ध्यानात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

निबारणबाबू पूर्व बंगालचे. फाळणीत त्यांचं गाव पलीकडे गेलं, आणि ते इकडे आले. येताना काय घडलं, बरोबर कोण होतं, कोण राहिलं, यातलं त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मी आगाऊ माणूस, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "उधर का बात उधर रहने दो, मास्टरबाबू." एकदा फक्त, आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले असताना, आपण होऊन बोलले. त्यांच्या घराच्या पायरीवरून नदीत हात घालता येत असे. बस, एवढंच. मग उजवा हात गुडघ्यावर फिरवत राहिले.

तो हात कधी थांबत नसे. पोस्टात येऊन बसले की माझ्या टेबलावर बोटं गोल फिरत. चहाची कपबशी दिली की चहा ढवळून ढवळून गार करत आणि मग पाण्यासारखा पिऊन टाकत. बोटांची टोकं कायम पांढरी, सुरकुतलेली. छत्री होती, पण ती हंड्यांवर धरायची. पावसात स्वतः निथळत आणि हंड्या कोरड्या, हे दृश्य पाहून आरमोरीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. तलाव कसा आहे हे ते चव घेऊन सांगत. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन खुळखुळवायचं, थुंकायचं, आणि निकाल: "इस में बैल बहुत नहाता." किंवा, "अच्छा है. मगर उदास है." पाणी उदास कसं असतं, हे मी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

त्यांना आमच्याकडे आणलं सोनबाजीने. सोनबाजी म्हणजे गावातल्या ढिवरांचा म्होरक्या. सडपातळ, मिशाळ, भयंकर थापाड्या आणि जिवाला जीव देणारा. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, तलाव सरकारजमा झाले होते, आणि ढिवरांनी पहिल्यांदाच मोठ्या तलावाचा मक्ता आपल्या नावावर घेतला होता. बापजाद्यांपासून दुसऱ्याच्या तलावात जाळं टाकणारी ही माणसं आता मालक झाली होती, आणि त्यांना त्यात चांगला मासा हवा होता. गोंदियाच्या बाजारात सोनबाजीला हा बंगाली भेटला आणि दोघांची एकमेकांना कळेल अशी भाषा पाच मिनिटांत तयार झाली. ती भाषा मी पुढे खूप ऐकली. बंगालीवर हिंदीचा पातळ लेप आणि वरून आमच्या झाडीबोलीची फोडणी.

पिल्लं तलावात सोडायची ती सकाळ मला लख्ख आठवते. अख्खं गाव पाळीवर जमलेलं. नारळ फुटला, गुलाल उडाला, आणि आता हंड्या ओतणार म्हणून सगळे पुढे सरसावले, तर निबारणबाबूंनी दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं. हंड्या तशाच भरलेल्या पाण्यात तरंगत ठेवल्या आणि स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले.

"आता काऊन थांबून राह्यले जी?" सोनबाजी कावला.

"पहचान होने दो," निबारणबाबू म्हणाले. "हंडीवाला पानी, तालाबवाला पानी. दोनो का पहचान होने दो. नहीं तो बच्चा डर के मर जाएगा."

हंडीतलं पाणी तलावाच्या पाण्याइतकं गार होईपर्यंत आम्ही ताटकळत उभे होतो. मग त्यांनी एकेक हंडी हलकेच तिरकी केली. ओतली नाही. पिल्लं आपली आपण बाहेर पडली. प्रत्येक हंडीला ते बंगालीत काहीतरी पुटपुटत होते. सोनबाजीची थोरली बहीण जनाबाई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, हा मानूस पोरगी सासरी धाडल्यावानी करून राह्यला." आणि तिने डोळे पुसले. मीही पुसले असतील. गर्दीत कोण बघतं?

पुढच्या वर्षी पहिलं जाळं ओढलं तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत लांब रोहू उसळ्या मारत वर आले. अरे, काय तो आरडाओरडा! माणसं पाण्यात उड्या मारत होती. सोनबाजी मासा उराशी धरून नाचला. निबारणबाबू मात्र पाळीवर बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. किती जगले यापेक्षा रेल्वेत किती मेले, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. हावड्याहून निघालेल्यांतले निम्मे वाटेतच संपत.

"इधर का नदी में भी रोहू है," ते सोनबाजीला म्हणाले. "तो उसका बच्चा भी इधर ही होगा. कहाँ होता है, तुम जानता है. बोलो."

सोनबाजीला ठाऊक होतं. सगळ्या ढिवरांना ठाऊक होतं. खाली दूर दक्षिणेला, जिथे वैनगंगेची प्राणहिता झालेली असते, तिथल्या एका वळणावर आषाढाच्या पुरात ही पिल्लं काठाशी थव्याने येतात. जनाबाईचं सासर त्याच काठचं. पण ती जागा परक्याला सांगायची नाही, असा ढिवरांचा बापजाद्यांचा कायदा होता. मासेमारी करणारा माणूस आपला डोह सख्ख्या व्याह्यालाही खरा सांगत नाही. विचारलंच तर भलतीकडे बोट दाखवतो, आणि तेही असं रंगवून, की ऐकणारा हौसेने तिकडे जावा. यात त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटतच नाही. ती त्यांच्या धंद्यातली रीतच आहे.

पंचांनी निबारणबाबूंना नदीत उभं केलं. पाण्यात हात बुडवून, मोहाची फुलं आणि तांदूळ सोडून त्यांच्याकडून शपथ घेतली, की ही जागा कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही. मग त्यांना तिकडे नेलं. मी विचारलं तेव्हा निबारणबाबूंनी जीभ बाहेर काढून दातांत धरली. मला राग आला. पोस्टमास्तराला गावातली सगळी गुपितं ठाऊक असायची आणि हे एवढं एक नसावं!

तीन खेपा झाल्या त्या पावसाळ्यात. मलमलीच्या कापडाची नरसाळ्यासारखी जाळी लावून त्यांनी त्या वळणावर पिल्लं धरली आणि बैलगाड्यांतून, माणसं बदलत, हंड्या ढवळत आरमोरीला आणली. एकही रेल्वे नाही, हावडा नाही. आमच्या नदीची पिल्लं आमच्या तलावात! तिसऱ्या खेपेला निबारणबाबू गाडीवर उभे राहून गाणं म्हणत आले. गळा फाटका होता, पण मी इतकं आनंदी गाणं पुन्हा ऐकलं नाही.

याच सुमारास गावात एक पाहुणा आला. कडक इस्त्रीचं धोतर, हातात रुमाल. नागपूरकडचा मासळीचा ठेकेदार आहे म्हणाला. बंगाल्याबद्दल चौकशी करत हिंडला. माझ्याकडे येऊन त्याने दोन पोस्टकार्डं घेतली आणि गोडगोड बोलत बसला. मीही बोललो. बोलणं हा माझा रोगच आहे. बंगालीबाबूला कलकत्त्याच्या तारा येतात, तो जातो कुठे ते कुणाला सांगत नाही, माणूस मोठा गूढ आहे हो, असं मी ऐटीत सांगितलं. गावात कुणीतरी गूढ आहे, हे सांगताना आपलीही किंमत वाढते.

आठ दिवसांनी पोलीस आले. निबारणबाबू तलावाच्या काठी, दोन्ही हात हंड्यांत. फौजदाराने हुकूम वाचला. त्यांनी तो ऐकला आणि म्हणाले, "चलेगा. मगर पहले कोई हात डालो."

पोलीस एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात मागून एक शिपाई पुढे आला. गाडीतला, तोच! टोपी काढून त्याने काखेत मारली, बाही वर केली आणि उकिडवा बसून दोन्ही हंड्यांत हात घातले. "जा तुम्ही बाबू," तो खाली मान घालून म्हणाला. "या वक्ताले एक बी मरू नाई देत." फौजदाराने हुकमाची घडी घालून खिशात ठेवली. सोनबाजी धावत येईपर्यंत तो शिपाई ढवळत राहिला.

त्या काळी एक कायदा होता. खटला न भरता माणसाला अटकेत ठेवता येई. कारणांचा कागद मिळे, पण ज्या माहितीवर ती कारणं उभी केली, ती उघड करणं लोकहिताचं नाही असं वरच्यांना वाटलं, तर ती झाकलेलीच राही. वकील चालत नसे. तीन मोठे साहेब बंद खोलीत बसून कागद वाचत आणि ठरवत. निबारणबाबूंवर संशय होता तो नदीपलीकडच्या बंदूकवाल्यांशी संधान बांधल्याचा. पलीकडच्या मुलखातलं शेतकऱ्यांचं सशस्त्र बंड तेव्हा नुकतंच शमलं होतं, त्यातली काही माणसं अजून जंगलात होती. आणि त्यात हा निर्वासित. ना घर, ना दार, ना जामीन राहणारा चुलता. अशा माणसाला उचललं तर विचारणार कोण? मला संताप येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

महिन्याभराने तुरुंगातून त्यांचं पत्र आलं. हिंदीत, दोन पानी. दीड पान पिल्लांची चौकशी. पाणी किती, मेघ किती, बैल आत उतरू देता की काय. शेवटी लिहिलं होतं, की कारणांचा कागद मिळाला, त्याची नक्कल खाली दिली आहे, मला तर यातलं काही समजत नाही.

मी ते पत्र पाळीवर नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. कारणं तीन होती. नदीकाठी वारंवार गुप्तपणे जाणे. चौकशीत जागा सांगण्यास नकार देणे. आणि तिसरं: "नदी ओलांडून पैलतीरावर पांढऱ्या घोड्यावरून येणाऱ्या एका लंगड्या इसमाची तीन वेळा भेट घेणे. अधिक तपशील लोकहितास्तव देता येत नाही."

सोनबाजी खो खो हसला. "लंगडा मानूस! पांढरा घोडा!" आणि हसता हसता एकदम थांबला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"का झालं रे?" जनाबाईने विचारलं.

"बाई," तो म्हणाला, "तो घोडा माह्या हाय."

कुणालाच काही कळेना. मग सोनबाजीने तोंड झाकून घेतलं आणि सांगितलं. तो रुमालवाला ठेकेदार त्याच्याकडेही आला होता. बंगाली पिल्लं आणतो कुठून, असं खोदून खोदून विचारत होता. सोनबाजीला वाटलं, हा आपला डोह हडपायला आलाय. मग त्याने धंद्याच्या रीतीप्रमाणे भलतीकडे बोट दाखवलं.

"म्या मनलो, नदी उतरून पल्याड जाते जी. तिकडं बंदूकवाले हायेत ना, ठेकेदार भ्यावा मनून पल्याड सांगतलं. तो मने, तिथं कोन भेटते? आता काई तं सांगा लागे! मनलो, पांढऱ्या घोड्यावर एक लंगडा मानूस येते. तो कागदावर लिहून घेऊन राह्यला होता. मले वाटलं, ठेकेदार मोठा हुशार हाय, लिहून घेते."

म्हणजे तो रुमालवाला पोलीस होता! सोंग घ्यायचं ठरवलं आणि नेमकं मासळीच्या ठेकेदाराचं घेतलं! दुसरं कुठलंही घेतलं असतं, भांडी विकायला आला असता, तर ढिवरांनी त्याला सगळं खरं सांगून वर जेवायला बसवलं असतं.

मला हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती. निबारणबाबू तुरुंगात का आहेत हे आता आम्हाला कळलं होतं, आणि त्यांना नव्हतं! ते तिथे शपथ पाळून गप्प बसले होते. त्यांनी जागा सांगितली असती तर पिल्लांची गोष्ट खरी ठरली असती आणि ते सुटले असते. सांगत नव्हते, म्हणून लंगडा माणूस खरा ठरत होता.

पंच बसले. एकजण म्हणाला, साहेबाले जागा सांगतली तं ठेकेदार दुसऱ्या दिसी येतीन, आपल्या सोयऱ्यांचं तोंडचं जाईन. दुसरा म्हणाला, पोलिसाले खोटं सांगतलं मनून सोनबाजीले बी आत टाकतीन. दोन्ही म्हणणी खरी होती. कुणी वर बघेना. मग जनाबाई, जिच्या सासरच्या काठावर ती जागा होती, ती पुढे झाली. "मी सांगते जी साहेबाले. त्यानं शपथ आपल्यासाठी पाळली. आता त्यानं तिथंच मरावं का आपल्या डोहासाठी?" सोनबाजी उठला. "तू नोको. घोडा माह्या हाय. मीच जातो."

मी अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिलेलं सर्वांत चांगलं लिखाण तेच. साहेबांचं मंडळ चांद्याला येणार होतं, तेव्हा आम्ही सातजण चांद्याला गेलो, आणि जनाबाईच्या हट्टाने एक हंडी बरोबर घेतली. नदीची पिल्लं, आता बोटभर झालेली. पुरावा! दोन दिवस आम्ही कचेरीच्या व्हरांड्यात पाळीपाळीने हंडी ढवळत बसलो. पट्टेवाला आम्हाला हाकलायचा, आम्ही दुसऱ्या खांबाशी जाऊन बसायचो. दुसऱ्या दुपारपर्यंत तो पट्टेवालाच विचारू लागला, "मेलं का जी एखादं?"

शेवटी सोनबाजीला आत बोलावलं. दार बंद झालं. बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा घामाने चिंब. आत काय झालं ते त्याने वीस वेळा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी त्यात भर पडली, पण पहिल्या वेळचं मी इथे देतो. तेवढं खरं असावं.

बंगालीबाबू आत बसले होते. वाळलेले, दाढी छातीपर्यंत. मधल्या म्हाताऱ्या साहेबाने विचारलं, "घोडा कोणाचा?"

"घोडा नोता जी साहेब."

"आणि तो माणूस?"

"मानूस बी नोता."

"मग त्याला लंगडा का केलास?"

"खरा वाटावा मनून जी."

म्हाताऱ्या साहेबाने चष्मा काढला म्हणे, आणि बराच वेळ पुसत बसला. मग विचारलं, "मग हा जात होता कुठे?" सोनबाजीने तोंड उघडलं मात्र, निबारणबाबू ताडकन उठले आणि ओरडले, "सोनबाजी! चूप! कसम है!" तीन महिने अटकेत काढलेला माणूस सोडवायला आलेल्यालाच गप्प करत होता! शिपायांनी त्यांना खाली बसवलं. सोनबाजीने त्यांच्याकडे न बघता जागेचं नाव सांगितलं. तिथलं वळण, तिथला उंबर, सगळं. लेखनिकाने लिहून घेतलं.

मग तो म्हातारा साहेब बाहेर व्हरांड्यात आला. हंडीजवळ उभा राहिला. जनाबाई ढवळत होती. तिने मान वर केली आणि साहेब आहे की कोण आहे हे न बघता म्हणाली, "पाहून का राह्यले? हात टाका जी, मी थकली." आणि साहेबाने, देवाशपथ सांगतो, कोटाची बाही सरकवून हात घातला.

निबारणबाबू सुटले. मार्गशीर्षात हुकूम आला. आम्ही फटाके आणले होते. हुकमाचा दुसरा परिच्छेद वाचला आणि ते माझ्या हातातच राहिले. अटक रद्द, परंतु सदर इसमाने आठ दिवसांत जिल्ह्याबाहेर जावे. का? आणखी काही कागद होते. ते दाखवणं लोकहिताचं नव्हतं.

त्या कागदांत काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. कधी कधी वाटतं, त्यात माझंही एक वाक्य असेल. "माणूस मोठा गूढ आहे हो." सोनबाजीने आपला घोडा ओळखला आणि उभं राहून परत घेतला. माझं वाक्य त्या कागदात असलं तर ते मला परत घेता आलं नाही, कारण ते कुणी मला दाखवलंच नाही. मी हे निबारणबाबूंना सांगितलं. वडशाच्या वाटेवर, बैलगाडीत. ते हसले. "मास्टरबाबू, तुम बहुत बात करता. मगर हात अच्छा चलाता."

वडशाला नाटकांचा हंगाम होता. मंडप पडले होते, रस्त्यावर बैलगाड्यांची दाटी, दुपारीच कुठेतरी पेटीवर सूर धरले जात होते. स्टेशनात अर्धी आरमोरी लोटली होती. भंडाऱ्याकडच्या एका गावच्या ढिवरांनी त्यांना बोलावलं होतं, त्यांचाही तलाव नव्याने त्यांच्या नावावर झाला होता. आमच्या तलावातली बोटभर पिल्लं दोन हंड्यांत भरून आम्ही त्यांना आंदण दिली.

गाडीत बसल्यावरही त्यांचा सोनबाजीवरचा राग गेला नव्हता. "तुम जगह बोल दिया. कसम तोड़ दिया."

सोनबाजी खिडकीशी रडवेला उभा. "तुमच्यासाठी सांगतलं ना जी."

मग मी मध्ये तोंड घातलं. "बाबू, जागा कुठे लिहिली गेली आहे? तुमच्या फायलीत. आणि तुमची फाईल गुप्त आहे. ती कुणाला दाखवणं लोकहिताचं नाही."

निबारणबाबू माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या दाढीत हसू फुटलं, आणि ते इतक्या मोठ्याने हसले, की डब्यातली माणसं वळून बघू लागली. सोनबाजीही हसला, नाक पुसत. खरा ठेकेदार त्या वळणावर कधी आला नाही. जागा कुठली, ते मी पण लिहिणार नाही. त्या दिवशी सोनबाजीने ती माझ्या कानात सांगितली, पाण्यात हात घालायला लावून.

शिट्टी झाली. जनाबाई ओरडली, "पोचल्यावर पत्र टाकजा जी बाबू!" गाडी हलली. आम्ही सगळे फलाटावरून धावत होतो, हात हलवत, हाका मारत. निबारणबाबूंनी एकदाही हात बाहेर काढला नाही. समोर नुकत्याच चढलेल्या कुणा गृहस्थाला ते खेकसून काहीतरी सांगत होते, आणि तो बिचारा बाही वर सारत होता. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात हंड्यांत होते, आणि हलत होते.